स्टेरिक ॲसिड : गोणीतल्या पांढऱ्या फ्लेक्सबद्दल माहिती हवी आहे

एरंडोलकर
नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं शेतीच्या पीव्हीसी पाइपांचं लहान युनिट आहे. वडिलांनी उभं केलं, गेली दोन वर्षं मी बघतो. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे रसायनांच्या बाबतीत मिक्सरवरच्या मामांच्या अनुभवावरच सगळं चालतं.

गेल्या तीन आठवड्यांत एक अडचण आली आहे. एक्स्ट्रूडरचा (माल वितळवून पाइप बाहेर काढणारं मशीन) लोड नेहमी ३८-४० अँपिअर असायचा, तो ३१-३२ वर आला. पाइप दिसायला उलट जास्त चकचकीत. पण सॉकेटला सोल्युशन (पाइप जोडायचा डिंक) नीट धरत नाही, आणि पाइप ट्रॉलीतून जमिनीवर आपटला की काचेसारखा तडकतो. रावेरकडच्या एका शेतकऱ्याची लाइन जोडावर सुटली. मे महिना आहे आणि बाग केळीची. दोन दिवस पाणी चुकलं तर घडाचं काय होतं हे इथे कुणाला सांगायला नको. तेव्हापासून मला झोप नाही.

रेझिन (पीव्हीसीची पावडर) तेच, चॉक पावडर तीच, उष्णतेत माल जळू नये म्हणून घालायचा स्टॅबिलायझर तोच. बदललं आहे ते फक्त स्टेरिक. नवा पुरवठादार किलोमागे ११ रुपये कमी घेतो. पण १०० किलो रेझिनला आम्ही स्टेरिक टाकतो अर्धा किलो! एवढ्याशा मालाने पाइप बिघडू शकतो का? आणि मुळात हे स्टेरिक आहे तरी काय? मेणासारखं दिसतं, हाताला बुळबुळीत लागतं, आणि गोणीवर लिहिलेलं असतं ॲसिड.

भुसावळ_जंक्शन
भाऊ, हाऊ त मन्हाबी प्रश्न शे. आमचं टायर रिमोल्डिंगचं काम. पंचवीस वर्षं रबरात स्टेरिक टाकतोय, का टाकतो ते आजवर कुणी सांगितलं नाही. धागा वाचतोय.

बोरीकाठ
एरंडोलकर, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी तेल आणि वनस्पती तुपाच्या कारखान्यांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम केलं, आता अमळनेरला असतो. जरा लांबण लावतो, पण हा पदार्थ नीट समजला तर तुमची अडचण आपोआप उलगडेल.

कुठलंही तेल, तूप किंवा चरबी घ्या. त्याच्या एका रेणूत ग्लिसरीनचा एक कणा असतो आणि त्याला फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या जोडलेल्या असतात. उच्च दाबाची वाफ देऊन, साधारण २५० अंश तापमानाला, हा सांधा फोडतात. १०० किलो कडक चरबी फोडली तर पाण्याचा अंश धरून ९५ किलोच्या आसपास फॅटी ॲसिड आणि १० किलोच्या आसपास ग्लिसरीन सुटतं. या शेपट्यांपैकी १८ कार्बनची, सरळ, कुठेही वाक नसलेली जी शेपटी, ती स्टिअरिक आम्ल. ग्रीक भाषेत चरबीला जो शब्द आहे त्यावरून हे नाव पडलं. शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चरबीची ही फोड करून दाखवली. १८२५ मध्ये त्याने आणि गे-ल्यूसॅकने त्यापासून मेणबत्ती करण्याचं पेटंट घेतलं. त्याआधी चरबीची मेणबत्ती जळताना काजळी धरायची आणि घाण वास मारायची. तो डोळ्यांत झोंबणारा वास ग्लिसरीन जळण्याचा. ग्लिसरीन काढून टाकल्यावर ज्योत स्वच्छ झाली.

आता ॲसिड या शब्दाबद्दल. शेपटीच्या एका टोकाला आम्लाचा गट आहे, व्हिनेगरमध्ये असतो तोच. पण त्याच्या मागे १७ कार्बनची लांबलचक तेलकट साखळी आहे, त्यामुळे ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हात भाजत नाही. शुद्ध स्टिअरिक ६९ अंशांना वितळतं. याच लांबीचं, फक्त मध्ये एक दुहेरी बंध असलेलं ओलेइक आम्ल १३-१४ अंशांनाच पातळ होतं. त्या एका बंधामुळे साखळीला वाक येतो आणि वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जात नाहीत. सरळ काड्यांची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या फाट्यांची जात नाही. आपलं शेंगदाण्याचं तेल पातळ आणि स्टेरिक कडक, याचं कारण एवढंच.

आपल्या भागाशी याचा जुना संबंध आहे. सरकीच्या तेलात स्टिअरिक जेमतेम दोन-तीन टक्के. पण निम्म्याच्या आसपास लिनोलेइक असतं, ते १८ कार्बनचंच, फक्त दोन ठिकाणी वाकलेलं. त्या तेलात निकेल उत्प्रेरक घालून हायड्रोजन सोडला की दुहेरी बंध भरत जातात आणि तेल थिजतं. अर्ध्यावर थांबलात तर वनस्पती तूप, शेवटपर्यंत नेलं तर त्यातलं १८ कार्बनचं सगळं स्टिअरिक. १९४५ मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, वनस्पती तूप आणि कपड्याचा साबण करणारी. तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर घरात असलेली कुटुंबं आमच्या गावात आजही आहेत. पण मला जास्त अप्रूप वाटतं ते खान्देशच्या मातीतल्या सरकी-शेंगदाण्यापासून हे रसायन गावातल्या गावात घडत होतं याचं.

आता तुमच्या मालाबद्दल. तुमच्या गोणीत शुद्ध स्टिअरिक नसतं, कुणाच्याच नसतं. बाजारातलं स्टेरिक म्हणजे १६ कार्बनचं पामिटिक आणि १८ कार्बनचं स्टिअरिक यांचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण. म्हणून ते ६९ ऐवजी ५४-५५ अंशांना गोठतं. या मालाला बाजारात ट्रिपल प्रेस्ड म्हणतात, तो शब्दही जुना आहे. पूर्वी थिजलेला माल कापडात गुंडाळून दाबयंत्रात तीनदा पिळत आणि त्यातलं पातळ ओलेइक काढून टाकत. आज दाबयंत्र गेलं, नाव राहिलं.

पहिलं काम घरीच करा. स्टीलच्या भांड्यात अर्धी वाटी फ्लेक्स वितळवा, थर्मामीटर ठेवा आणि ढवळत थंड होऊ द्या. पारा उतरत उतरत एका जागी थांबेल, तिथे ढवळणं बंद करा. मग तो थोडासा वर चढेल. चढून जिथे थांबतो तो आकडा, त्याला टायटर म्हणतात. तो कळवा. आणखी एक, तुमची चॉक पावडर कोटेड आहे का अनकोटेड?

चोपडेकर_वहिनी
बोरीकाठ काका, वाचता वाचता शेगडीवरचं दूध उतू गेलं! आमच्या बचत गटात मेणबत्त्या आणि चेहऱ्याचं क्रीम करतो, दोन्हींत स्टेरिक लागतं. नुसत्या पॅराफिनची मेणबत्ती आमच्या चोपड्याच्या उन्हाळ्यात दुपारी मान टाकते. १०-१५ टक्के स्टेरिक घातलं की ताठ राहते, रंग दुधाळ येतो आणि थंड होताना आक्रसत असल्याने साच्यातून अलगद सुटते.

एक अनुभव सांगते. सुरुवातीला आम्ही तांब्याच्या पातेल्यात वितळवलं तर कडेने हिरवट झालं. तेव्हा वाटलं माल खराब.

बोरीकाठ
वहिनी, माल चांगलाच होता. ते तांब्याशी संथपणे जुळलेलं कॉपर स्टिअरेट. आम्लपण मवाळ असलं तरी धातूवर चालतंच. स्टील वापरा.

क्रीमचं सांगायचं तर, व्हॅनिशिंग क्रीममध्ये १५-२० टक्के स्टेरिक घेऊन त्यातला थोडाच भाग कॉस्टिक पोटॅशने साबणात बदलतात. तो साबण बाकीच्या स्टेरिकला पाण्यात धरून ठेवतो. क्रीम दोन दिवस मुरल्यावर मोत्यासारखी झाक येते ना? ते न बदललेल्या स्टेरिकचे बारीक चपटे स्फटिक.

चोपडेकर_वहिनी
हो, दुसऱ्या दिवशीच येते! आम्ही समजत होतो ती सुगंधी तेलामुळे.

मुक्ताईचा_वारकरी
माझा प्रश्न वेगळा आहे, पण मनापासून विचारतो. काका, तुम्ही चरबी म्हणालात. हा पदार्थ क्रीममध्ये, साबणात, औषधाच्या गोळीतही असतो असं ऐकलं. आम्ही माळकरी. १९८३ साली वनस्पती तुपात जनावराची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं, तेव्हा माझ्या आईने घरातला डबाच उकिरड्यावर ओतला होता. आता हे कळायला काही मार्ग आहे का?

बोरीकाठ
माऊली, प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर गुळमुळीत देणार नाही.

स्टिअरिकचा रेणू पामतेलातून आला काय किंवा जनावराच्या चरबीतून आला काय, रेणू तोच. नुसता तो बघून कुळ सांगता येत नाही. पण बाजारातला माल कधीच शंभर टक्के शुद्ध नसतो, आणि सोबतचे अंश कुळ सांगतात. गाईगुरांच्या चरबीत १७ कार्बनचं आम्ल एक-दीड टक्का सापडतं, पामतेलात ते नगण्य. घटक वेगळे करून आलेखावर दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीवर त्याचं टेकाड दिसलं की शंका घ्यायला जागा आहे.

पाश्चात्त्य देशांत चरबीपासूनचं स्टेरिक पुष्कळ वापरात आहे. आपल्याकडचा बहुतेक माल मलेशिया-इंडोनेशियाच्या पामवर उभा आहे. वहिनींसारख्यांनी पुरवठादाराकडून वनस्पतिजन्य असल्याचं लेखी पत्र प्रत्येक लॉटबरोबर घ्यावं. मागितलं तर देतात.

चोपडेकर_वहिनी
उद्याच मागते. आमच्या निम्म्या बायका माळकरी आहेत, इतके दिवस सुचलंच नाही.

पांझराकाठची
मी धुळ्यात औषधनिर्माणशास्त्र शिकवते, त्याआधी गोळ्यांच्या कारखान्यात होते. गोळ्यांबद्दल मी सांगते.

बहुतेक गोळ्यांत मॅग्नेशियम स्टिअरेट असतं. ते औषध नव्हे. पावडर साच्यात दाबून गोळी होते, तेव्हा ती साच्याला चिकटू नये म्हणून ते घालतात. प्रमाण साधारण एक टक्का, कधी पाव टक्कासुद्धा. खाण्याच्या दृष्टीने इतकंसं काळजीचं नाही. कोको बटरमध्ये स्टिअरिक एक तृतीयांशाच्या आसपास असतं, चॉकलेटमधून आपण त्याहून कितीतरी जास्त खातो. शरीर त्याचा काही भाग ओलेइकमध्ये बदलतं, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल ते पामिटिकसारखं वाढवत नाही. ज्याची खरी भीती बाळगायला हवी ते ट्रान्स फॅट, काकांच्या अर्ध्यावर थांबवलेल्या हायड्रोजनमधून तयार होणारं. २०२२ च्या जानेवारीपासून तेल-तुपात त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे.

पण मी लिहायला बसले ते एरंडोलकरांसाठी. आमच्याकडे एक नियम असतो, मॅग्नेशियम स्टिअरेट सगळ्यात शेवटी घालायचं आणि दोन-तीन मिनिटांतच मिक्सर बंद करायचा. एकदा आमच्या पाळीत ब्लेंडर वीस मिनिटं फिरत राहिला. प्रमाण तेच, माल तोच. पण गोळ्या बोटाने मोडायला लागल्या आणि पाण्यात टाकल्या तर विरघळेनात. का? जास्त फिरवल्याने त्याचा पातळ पापुद्रा प्रत्येक कणाभोवती पसरला. कण एकमेकांना धरेनात आणि पाणीही आत जाईना.

तुमचा तडकणारा पाइप आणि माझी मोडणारी गोळी यांचं दुखणं एकच असावं असं मला वाटतं. स्टेरिक तुमच्याकडे वंगण म्हणूनच घालतात, आणि त्या वंगणाने कणांना एकजीव होऊ दिलेलं नाही.

एरंडोलकर
ताई, काका, खूप आभार. रात्री घरी चाचणी केली. दोनदा केली, दोन्ही वेळा पारा चढून ५२ वर थांबला. जुन्या मालाची मूठभर शिल्लक होती, ती ५४.५ वर थांबली. चॉक पावडर कोटेड आहे.

५२ म्हणजे वाईट का? पुरवठादाराला फोन केला तर तो म्हणतो हा रबर ग्रेड आहे, पाइपाला चालतो.

भुसावळ_जंक्शन
रबर ग्रेडमध्ये थोडं तेलकट असतंच, आमच्या टायरला काही बिघडत नाही. ५२ आमच्याकडे चांगलं म्हणतील. पण आमचं काम वेगळं भो. आम्ही १०० किलो रबराला ५ किलो झिंक ऑक्साइड आणि २ किलो स्टेरिक घालतो.

काका, स्टेरिक कमी पडलं तर टायर शिजायला वेळ लागतो आणि जास्त झालं तर पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी खपली येऊन थर सुटतो. हे का?

बोरीकाठ
झिंक ऑक्साइड नुसतं असताना रबरात विरघळत नाही. स्टेरिक त्याला धरून झिंकचा साबण बनवतं, तो रबरात मिसळतो, आणि तोच गंधकाला आणि ॲक्सिलरेटरला (शिजणं लवकर करणारं रसायन) कामाला लावतो. गंधकाचे पूल पडले म्हणजे तुमचं शिजणं. गरजेपेक्षा जास्त स्टेरिक रबरात मावत नाही, ते हळूहळू वर येतं. ती खपली त्याचीच.

एरंडोलकर, ५२ ने मी चकलो असतो. नुसत्या टायटरवर माल ठरवला तर हा रबर ग्रेड म्हणून खपला असता, आणि थोडं ओलेइक जास्त असल्याने तुमचा लोड ३८ वरून ३१ वर येणार नाही. मला वेगळाच संशय आहे. बाजारातलं पॅराफिन मेण ५८-६० अंशांच्या आसपास वितळतं, दिसायलाही पांढरं. ते स्टेरिकमध्ये मिसळलं तर गोठण्याचा बिंदू फारसा हलत नाही. पण पीव्हीसीसाठी या दोघांची कामं निराळी. स्टेरिकचं आम्लाचं टोक पीव्हीसीला आणि स्टॅबिलायझरला थोडंफार धरतं. पॅराफिनला टोकच नाही, ते पूर्ण बाहेरचं वंगण. वितळलेल्या मालाच्या आणि बॅरलच्या मध्ये जाऊन बसतं. माल घासलाच गेला नाही तर तो शिजत नाही. म्हणून लोड पडतो, पाइप चकचकतो आणि आतून कच्चा राहतो. सोल्युशन न धरण्याचं कारणही तेच. पृष्ठभागावर मेण आहे.

दोन गोष्टी करा. एक, परीक्षानळीत चिमूटभर फ्लेक्स आणि त्याच्या वीसपट अल्कोहोल घेऊन नळी गरम पाण्याच्या भांड्यात बुडवा. जवळ ज्योत अजिबात नको. स्टेरिक पूर्ण विरघळून पाण्यासारखं स्वच्छ होईल. पॅराफिन असेल तर तेलाचे थेंब वेगळे दिसतील. दोन, कुठल्याही प्रयोगशाळेतून आम्ल मूल्य काढून घ्या, म्हणजे एक ग्रॅम मालातलं आम्ल मारायला किती मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश लागतं तो आकडा. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात तेल तंत्रज्ञानाचा विभाग आहे, तिथल्या मुलांनाही विचारता येईल. शुद्ध स्टिअरिकचं आम्ल मूल्य १९७, शुद्ध पामिटिकचं २१९, म्हणून मिश्रणाचं २०५ ते २१२ मध्ये यायला हवं. पॅराफिनचं शून्य. जितकी भेसळ तितका आकडा खाली, यात लपवायला जागा नाही.

पारोळ्याचे_गुरुजी
एरंडोलकरांचा पहिला प्रश्न कुणीच पूर्ण सोडवलेला नाही, म्हणून लिहितो. अर्धा किलोने काय होतं? हे मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो.

स्टिअरिक आम्लाचा थेंबभर द्राव पाण्यावर सोडला की आम्लाचं टोक पाण्यात आणि शेपटी हवेत असे रेणू उभे राहतात, शेजारी शेजारी, एकच थर. भरात आलेली बाजरी जशी दाट उभी असते तसं. लँगम्यूर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये हे मोजून मांडलं, १९३२ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच्याही आधी जर्मनीत ॲग्नेस पॉकेल्स नावाच्या बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पसरट भांड्यात पाणी घेऊन, तेलकट थरांचं मोजमाप केलं होतं. कॉलेजात जायला मिळालं नव्हतं त्यांना. त्यांचं पत्र १८९१ मध्ये नेचर या नियतकालिकात छापून आलं. माझ्या वर्गातल्या मुलींना हे मी दरवर्षी सांगतो.

आता हिशेब. एक रेणू पाण्यावर ०.२ वर्ग नॅनोमीटर जागा घेतो. एका ग्रॅममध्ये २१ वर २० शून्यं इतके रेणू. गुणाकार केला तर एक ग्रॅम स्टिअरिक सुमारे ४२० चौरस मीटर जागा झाकतं. तुमचं अर्धा किलो म्हणजे दोन लाख दहा हजार चौरस मीटर. एकरात सांगायचं तर ५२ एकर.

बावन्न एकरांवर अंथरता येईल इतका माल तुम्ही १०० किलो रेझिनमध्ये टाकता. थराची जाडी फक्त अडीच नॅनोमीटर, पण कणाला कण चिकटू द्यायचा की नाही हे त्या थरावर ठरतं. अर्धा किलो म्हणून दुर्लक्ष करण्यासारखी ही वस्तूच नाही.

जाता जाता, स्टिअरिकपासून स्टिअरिल अल्कोहोल करतात. त्याचा आणि सिटिल अल्कोहोलचा असाच एका रेणूचा थर तलावावर पसरून उन्हाळ्यात बाष्पीभवन कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. वाऱ्याने थर एका काठाला ढकलला जातो ही त्यातली अडचण. आपल्याकडचे आटणारे बंधारे पाहिले की मला दर मे महिन्यात हे आठवतं.

पांझराकाठची
गुरुजी, बावन्न एकर! हा हिशेब मी माझ्या वर्गात वापरणार.

मुक्ताईचा_वारकरी
मीही समजून घेतला, दोनदा वाचून. शेती साडेतीन एकर आहे माझी. म्हणजे तीन-चार चमचे स्टेरिकमध्ये माझं अख्खं रान झाकेल.

पारोळ्याचे_गुरुजी
साडेतीन एकर म्हणजे १४ हजार चौरस मीटर, त्याला ३४ ग्रॅम. बरोबर आहे तुमचं.

एरंडोलकर
मंडळी, निकाल आला.

अल्कोहोलची चाचणी मी आणि मामांनी मिळून केली. जुना माल दोन मिनिटांत विरघळून स्वच्छ झाला. नव्यात तेलाची गोल गोल टिकली वेगळी राहिली, थंड झाल्यावर ती मेणासारखी थिजली. मामा काही बोलले नाहीत, नुसती नळी हातात धरून बसले.

प्रयोगशाळेचं आम्ल मूल्य आलं १४१.

बोरीकाठ
२०८ ला १४१. म्हणजे जवळपास एक तृतीयांश माल स्टेरिक नव्हेच. तुमच्या अर्ध्या किलोत १६० ग्रॅम पॅराफिन. तुमच्या मिश्रणात बाहेरचं वंगण म्हणून आधीच मेण असेल, किती घालता?

एरंडोलकर
१०० किलोला ३०० ग्रॅम.

बोरीकाठ
मग ते ४६० झालं, दीडपट. लोड का पडला हे कळलं. शिवाय कोटेड चॉक पावडरवर एक टक्क्याच्या आसपास स्टिअरिक आधीच चढवलेलं असतं. १० किलो पावडर टाकत असाल तर १०० ग्रॅम स्टेरिक त्यातूनच येतं. चांगला माल आल्यावरही तुमचं अर्धा किलो थोडं कमी करून बघता येईल, पण एका वेळी ५० ग्रॅमच, आणि प्रत्येक बदलाला लोड लिहून ठेवा. कच्चेपणा तपासायला पाइपाचा तुकडा मेथिलीन क्लोराइडमध्ये बुडवायची चाचणी करा. नीट शिजलेल्या पाइपाला काही होत नाही, कच्चा पाइप पांढरा पडून पापुद्रे सुटतात. हातमोजे घाला, हवेशीर जागी करा.

तुम्ही स्टॅबिलायझर कोणता वापरता? पाइपांत शिशाच्या स्टॅबिलायझरवर बंधन आणणारे नियम २०२१ मध्ये निघाले. कॅल्शियम-झिंकवर आला असाल तर त्या पाकिटातही कॅल्शियम स्टिअरेट आणि झिंक स्टिअरेट असणार, तेही हिशेबात धरा.

एरंडोलकर
कॅल्शियम-झिंकच. म्हणजे आमच्या पाइपात स्टेरिक चार वाटांनी येतं आणि मला एकच वाट माहीत होती.

चटईवाला_जळगाव
आमच्या चटईच्या पॉलिप्रोपिलीनमध्येही कॅल्शियम स्टिअरेट असतं. दाणा बनवताना राहिलेल्या उत्प्रेरकातून आम्ल सुटतं, ते मारायला. मला कॅल्शियम स्टिअरेट आणि स्टेरिक यातला फरक इतके दिवस माहीतच नव्हता.

बोरीकाठ
कॅल्शियम स्टिअरेट तुम्ही रोज मोरीत बघता. बोअरचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा चिकट साका धरतो. साबणातल्या स्टिअरिक-पामिटिकला पाण्यातला कॅल्शियम भेटतो आणि न विरघळणारा चुन्याचा साबण तयार होतो. तोच साका स्वच्छ करून, वाळवून, दळला की गोणीतलं कॅल्शियम स्टिअरेट. मोरीत तो नकोसा असतो, पण सिमेंटमध्ये घातला तर ओल अडवतो, तार ओढायच्या साच्यात घातला तर तार तुटू देत नाही.

चोपडेकर_वहिनी
आमच्याकडे सगळं बोअरचंच पाणी. क्रीमला म्हणूनच फिल्टरचं पाणी घ्यायला सांगितलं होतं तर.

बोरीकाठ
हो. जड पाण्यात तुमचा पोटॅशचा साबण चुन्याचा होऊन बसेल आणि क्रीम फाटेल.

भुसावळ_जंक्शन
एरंडोलकर, रावेरच्या त्या शेतकऱ्याचं काय झालं?

एरंडोलकर
ज्या दिवशी आकडा आला त्याच दिवशी गेलो. जुन्या मालाचे जे पाइप शिल्लक होते त्यातून त्यांची पूर्ण लाइन बदलून दिली, जोड मी स्वतः उभा राहून करून घेतले. चार ओळींची पानं वाळली होती, बाग वाचली. त्या तीन आठवड्यांत अजून कुणाकुणाला माल गेला ती यादी बिलांवरून काढली आहे, अकरा नावं आहेत. सगळ्यांना फोन केले. सहा जणांचे पाइप परत आले, बाकीच्यांचे अजून जमिनीत घातलेले नाहीत. उरलेल्या स्टेरिकच्या गोण्या परत पाठवल्या.

काका, आम्ल मूल्य आम्हीच काढू शकतो का? प्रत्येक लॉटला प्रयोगशाळेत जायचं तर चार दिवस जातात.

बोरीकाठ
नक्की काढू शकता, आणि काढाच. एक ब्युरेट (खुणा असलेली तोटीची काचनळी), एक चंबू, ग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारा काटा एवढं लागेल.

अल्कोहोल ५० मिली घ्या, त्यात फिनॉलफ्थॅलिनचे दोन थेंब टाकून आधी तेच पुसट गुलाबी होईपर्यंत पोटॅशने उदासीन करून घ्या. मग अचूक एक ग्रॅम स्टेरिक घालून गरम पाण्यावर विरघळवा. ब्युरेटमध्ये दशांश नॉर्मल कॉस्टिक पोटॅश. थेंब थेंब सोडा, चंबू हलवत राहा, गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. जितके मिली लागले त्याला ५.६१ ने गुणा. चांगल्या मालाला ३७ च्या आसपास लागतील. तुमच्या त्या मालाला २५ लागले असते.

आणि गोण्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून रचू नका. जळगावात बाहेर ४५ असतं तेव्हा पत्र्याखाली त्याहून बरंच जास्त असतं. फ्लेक्स वितळणार नाहीत, पण मऊ पडून गठ्ठे होतात आणि मग काट्यावर मोजमाप चुकतं. खाली सांडलेले फ्लेक्स लगेच झाडून घ्या, कामगार घसरून पडतात.

एरंडोलकर
आज नवीन लॉट आला. जुन्याच पुरवठादाराकडून, ११ रुपये जास्त देऊन. गोणी फोडण्याआधी मामांनी ब्युरेट भरली, मी आकडे लिहिले. पहिल्यांदा ३६.९ ला रंग टिकला, दुसऱ्यांदा ३७.०. म्हणजे २०७.

दुपारी मशीन सुरू केलं. लोड ३९.